दाभोळ ते दासगाव : आपल्या होडीतून आठ दिवस

आपल्या घरात प्रवास होतो तो कशासाठी? कोणाचे लग्न, कोणाचे मयत, कोर्टाची तारीख, दवाखाना. त्याशिवाय ६ डिसेंबरला चैत्यभूमी, जमेल त्या वर्षी नागपूरची दीक्षाभूमी आणि महाड. 'चला, चार दिवस सहज फिरून येऊ' असे वाक्य आपल्या आईवडिलांच्या तोंडून कधी ऐकल्याचे आम्हाला आठवत नाही. तुम्हालाही आठवत नसेल.

म्हणून २०२३ च्या डिसेंबरात आम्ही उभयता आमच्या स्वतःच्या होडीतून दाभोळपासून दासगावपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो, हे सांगितले की ऐकणारा पहिला प्रश्न हाच करतो, "कशाला?" मासे मारायला नाही, माल न्यायला नाही, नवस फेडायला तर नाहीच. मग कशाला? या प्रश्नाचे उत्तर जाण्यापूर्वी आम्हालाही नीट देता येत नव्हते. परत आल्यावर थोडेफार देता येते. तेच येथे मांडत आहोत.

होडी कोणाची?

आम्हा दोघांपैकी एक पतपेढीत कारकून आहे आणि दुसरी खलाशाची लेक आहे. कारकुनाला खातेवहीतला एका पैशाचा फरक सापडतो, पण पाण्यात पाय टाकताना त्याची छाती धडधडते. खलाशाच्या लेकीला वारा कुठून सुटेल ते नाकाने कळते. तेव्हा या प्रवासात तांडेल कोण होते हे सांगायला नको.

तिचे वडील, आमचे अप्पा, वयाच्या पंधराव्या वर्षापासून दुसऱ्याच्या होडीवर राबले. जाळे दुसऱ्याचे, मासळी दुसऱ्याची, यांच्या वाट्याला हातावरचे घट्टे आणि हंगामाच्या शेवटी थोडे पैसे. साठी उलटल्यावर त्यांनी साठवलेल्या पैशांत एक जुनी फायबरची होडी घेतली. लांबी बावीस फूट, मागे लावायचे इंजिन, दोन वल्ही आणि एक नांगर. तिची रीतसर नोंदणी केली. मुलगा नव्हता, एकच मुलगी. ते वारल्यावर होडी तिच्या नावावर झाली. लोक म्हणाले, "विकून टाका, बायकामाणसाला होडी काय करायची आहे?" तिने विकली नाही.

आमच्या वशिष्ठीच्या खाडीत पूर्वी माणसे पलीकडे न्यायला तर चालायची. आजोबा सांगायचे, तरीवर आपल्या माणसाने सगळे चढेपर्यंत काठावर थांबायचे. जागा उरली तर नाळेशी अंग चोरून बसायचे, नाही उरली तर पुढच्या खेपेची वाट बघायची. पाणी तेच, पैसेही तेच, पण पाळी शेवटची. आजोबांनी हे रागाने सांगितले नाही, पावसाची गोष्ट सांगावी तसे सांगितले. म्हणून ते आमच्या जास्त लक्षात राहिले.

तेव्हा 'आपली होडी' हे दोन शब्द आमच्या घरात किती जड आहेत ते तुम्ही समजू शकाल.

तयारी

अप्पांची एक इच्छा राहून गेली होती. ते म्हणायचे, "पद्मावती जिथं लागली तिथं एकदा आपली होडी लावायची." पद्मावती म्हणजे कोणती, हे आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून ज्या आगबोटीने आले ती. महाडला जायला धरमतरवरून जवळची वाट होती. पण बसवाल्यांनी बहिष्कार घातला तर मंडळी अडकून पडतील, म्हणून लांबची असूनही दासगाव बंदराची वाट धरली. दासगावहून महाड पाच मैल, गाडी मिळाली नाही तरी पायी जाता येईल असा हिशेब. बोट २४ डिसेंबरला निघाली आणि २५ ला दुपारी दासगावला लागली.

आम्ही ठरवले की २५ डिसेंबरला दासगावला पोचायचे, पण धावपळ करायची नाही. रस्त्याने हे अंतर एका दिवसाचे आहे. आम्ही त्याला सहा दिवस दिले आणि परतीला दोन. पाच दिवसांची अर्जित रजा, चौथा शनिवार, रविवार आणि नाताळची सुटी असा कारकुनी हिशेब जमला. सामान म्हणजे दोन लाइफ जॅकेट, पाण्याचे दोन कॅन, रॉकेलचा स्टोव्ह, तांदूळ, कुळथाचे पीठ, सुके बोंबील, ताडपत्री, दोन घोंगड्या, बॅटरी आणि होडीच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. आधार कार्डे वेगळी ठेवली, कारण २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावर केव्हाही चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. निघण्यापूर्वी सागरी पोलिसांनाही कळवले.

कार्यकर्त्या मित्रांपैकी एकाने मात्र टोमणा मारला. "गावातली दाखल्यांची कामं पडलीत आणि तुम्ही सहलीला?" टोमणा लागला. उत्तर सुचले नाही, म्हणून मुकाट्याने होडीत सामान भरले.

दाभोळ आणि समुद्राचे तोंड

१९ तारखेला संध्याकाळी कामावरून सुटून दाभोळला येऊन राहिलो. दाभोळ हे फार जुने बंदर. धक्क्याजवळ जुनी दगडी मशीद आहे. समोरच्या काठावर अंजनवेल, गोपाळगड आणि वीज प्रकल्पाच्या चिमण्या. आता येथून धोपाव्याला फेरीबोट जाते. तिच्यात मोटारी, एस्.टी.चे उतारू, कोंबड्यांच्या पाट्या सगळे एकाच फळीवर उभे असतात आणि कोणी कोणाची जात विचारत नाही. आजोबांना ही फेरीबोट बघायला मिळायला हवी होती.

याच दाभोळ बंदरावर माता रमाईंचे वडील माशांच्या टोपल्या वाहायचे. येथून बाजारापर्यंत डोक्यावर ओझे. त्यांचे वणंद गाव येथून आत दापोलीच्या बाजूला आहे. वणंदला आपण बसने जातो, स्मारकाला वंदन करतो, फोटो काढतो. पण पहाटे धक्क्यावर उभे राहून ओल्या टोपलीतले पाणी मानेवरून पाठीवर कसे ओघळत असेल हे मनात आणले, तेव्हा रमाईंच्या बालपणाचा अर्थ आम्हाला अधिक कळला.

२० तारखेला उजाडता उजाडता होडी सोडली. दिवस भांगाचे होते, म्हणजे भरती-ओहोटीला जोर कमी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि त्यावर लाटा फुटतात. कारकून दोन्ही हातांनी फळी धरून बसला. तांडेलीणबाईंनी इंजिन मंद केले, तीन मोठ्या लाटा मोजून जाऊ दिल्या आणि मधल्या शांत पाण्यातून होडी बाहेर काढली. बाहेर येताच समुद्र तळ्यासारखा पसरला.

येथे एक माहिती देतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्यालगतचे पाणी त्यामुळे गप्प असते. दहा-अकरानंतर वारा फिरतो, वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि पाणी उसळू लागते. उत्तरेला जाणाऱ्या लहान होडीला तो तोंडावर बसतो. म्हणून आमचा नियम ठरला : पहाटे निघायचे आणि अकराच्या आत बंदर गाठायचे. उरलेला दिवस आपला.

'उरलेला दिवस आपला' हे बोलायला सोपे आहे. पहिल्या दिवशी बुरोंडीला साडेनऊलाच पोचलो आणि आमच्यातला कारकून कासावीस झाला. काम नाही, फाईल नाही, फोन नाही. त्याने होडी दोनदा धुतली. दोर गुंडाळून पुन्हा गुंडाळले. शेवटी तांडेलीणबाई म्हणाल्या, "अहो, जरा बसा की. ही होडी काय तपासणीला जायची आहे?" लग्नाला एकवीस वर्षे झाली, पण दिवसाढवळ्या दोघे शेजारी नुसते बसलो आहोत, असा तो पहिलाच दिवस असावा.

हर्णैचा लिलाव

दुसऱ्या दिवशी लाडघर, कर्दे, मुरूड उजव्या हाताला ठेवत हर्णैला आलो. लाडघरची पुळण तांबूस दिसते. पाण्यातून पाहिले की गावांचा चेहरा निराळा असतो. रस्त्यावरून आपल्याला हॉटेलच्या पाट्या दिसतात, पाण्यावरून नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांतली रिकामी जागा दिसते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली झाडे आडवी केली. पोफळ लावून तिचे उत्पन्न हाती यायला कित्येक वर्षे जातात. वाडी मालकाची असते, पण वाडीत मजुरीला जाणारी माणसे आपल्या वाडीची असतात. झाड पडले की मालकाचे उत्पन्न जाते आणि मजुराची रोजी जाते. भरपाईच्या यादीत मजुराचे नाव कोठे येते, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा.

हर्णै बंदर म्हणजे गजबजाट. संध्याकाळी पुळणीवर मासळीचा लिलाव होतो. मोठ्या होड्या खोल पाण्यात उभ्या राहतात आणि बैलगाड्या गुडघाभर पाण्यात शिरून माल काठावर आणतात. पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग आणि भोवती माणसांचे कडे. भाव बोलणाऱ्यांत बायकांचा आवाज वरचा. तांडेलीणबाई तासभर तेथून हलल्या नाहीत. "अप्पा इथंच उभे असायचे," त्या म्हणाल्या, "पण लिलाव त्यांचा कधी नव्हता." आम्ही एक मध्यम सुरमई घेतली. भाव करताना त्यांनी आपल्या बापाचा सगळा हिशेब वसूल केला असे आम्हाला वाटले.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सच्या इंग्रजी जहाजांनी ते घेतले. २२ तारखेला पहाटे किल्ल्याला वळसा घातला. तटाच्या चिऱ्यांवर लाटा आपटत होत्या. इतिहासाच्या पुस्तकात सरदारांची नावे असतात. हे चिरे वाहून आणणारे, आत पाणी भरणारे, रात्री पहाऱ्याला उभे राहणारे कोण होते, हे पुस्तक सांगत नाही. आपले लोकही त्यांत असतील असे आम्हाला वाटते. पुरावा आमच्याजवळ नाही, म्हणून आग्रह धरीत नाही.

भरती चढत असताना आंजर्ल्याच्या खाडीत शिरलो आणि ती रात्र होडीतच काढली. ताडपत्री ताणली, स्टोव्हवर भात लावला, कालच्या सुरमईचे उरलेले कालवण गरम केले. तिवरांच्या मुळांतून चिखलातले निवटे उड्या मारीत होते. अंधार पडल्यावर वल्हे पाण्यात बुडवले की पाणी निळसर चमकायचे. शाळेत असताना गुरुजींनी सांगितले होते की समुद्रात चमकणारे सूक्ष्म जीव असतात. ते खरे असल्याचे आम्ही चाळिशी उलटल्यावर पाहिले.

दोर

२३ तारखेला प्रवासातला वाईट प्रसंग घडला. आंजर्ले आणि केळशी यांच्यामध्ये इंजिन एकाएकी गचकले आणि बंद पडले. तुटलेल्या जाळ्याचा वाहत आलेला तुकडा पंख्यात गुंतला होता. समोर काळे खडक, आणि पाणी आम्हाला हळूहळू त्यांच्याकडे नेत होते. येथे एक कबुली द्यायला हवी. आमच्यातल्या कारकुनाने गावात भाषणे पुष्कळ केली आहेत, धीर धरा म्हणून पुष्कळांना सांगितले आहे. त्या वेळी त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

"वल्ही घ्या. खडकाकडे पाठ करा. बघू नका तिकडे, नुसती ओढा," तांडेलीणबाई म्हणाल्या. इंजिन वर उचलून, मागच्या फळीवर ओणवे होऊन, कोयतीने त्या जाळ्याचा एकेक धागा कापू लागल्या. वीस मिनिटे लागली असतील. हातांना फोड आले, पण होडी जागेवर राहिली. इंजिन सुरू झाले तेव्हा कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्या एवढेच म्हणाल्या, "अप्पांनी शिकवलं होतं. मुलगी म्हणून घरी ठेवलं असतं तर आज काय केलं असतं?"

मुलीला काय शिकवावे, हा प्रश्न आपल्या सभांमधून नेहमी येतो. शिक्षण हवेच. पण घरातले कसब, मग ते शिवणाचे असो, वायरिंगचे असो की होडीचे, तेही मुलीला मुलाइतकेच द्यावे, एवढे आम्ही त्या दिवशी शिकलो.

केळशीला थोडा वेळ थांबून पुढे निघालो. तेथे भारजा नदीच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी आहे. सोळाव्या शतकात समुद्राच्या प्रचंड लाटेने ती टाकली असावी, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. पुढे वेळास. २००२ पासून तेथे समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम चालते. पूर्वी लोक ती अंडी उकरून नेत, आता तीच माणसे रात्री पहारा करतात. माणूस बदलतो, यावर विश्वास ठेवायला वेळास हे चांगले ठिकाण आहे.

त्याच दिवशी दुपारी एका लहान बंदरावर होडी बांधली. गावाचे नाव सांगत नाही. एक म्हातारे गृहस्थ काठावर येऊन उभे राहिले.

"कुणाची होडी गो ही?" त्यांनी विचारले. विचारताना नजर कारकुनाकडे.

"माझी," तांडेलीणबाई म्हणाल्या.

"गाव?"

गाव सांगितले.

"आडनाव?"

तेही सांगितले.

"वाडी कुठली?"

वाचकहो, हा तिसरा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. पहिल्या दोन प्रश्नांत काम झाले नाही की तो येतोच. उत्तर देताना आपला आवाज किंचित खाली जातो, हेही आपल्याला ठाऊक आहे. तांडेलीणबाईंचा गेला नाही. "बौद्धवाडी," त्या म्हणाल्या.

म्हातारबुवा गप्प झाले. होडीकडे एकदा पाहिले आणि निघून गेले. आम्हाला वाटले, झाले, आता कोणीतरी येऊन होडी काढा म्हणणार. अर्ध्या तासाने ते नातवाला घेऊन परत आले. नातवाच्या खांद्यावर दोराचे वेटोळे होते. "नांगराचा दोर विरलाय तुमचा. उधाण जवळ आलंय, रात्री पाणी ओढील. हा लावा." पैसे देऊ केले, घेतले नाहीत. चहा देऊ केला. ते घुटमळले आणि मग होडीच्या काठावर बसून प्यायले.

त्यांच्या त्या गप्प होण्यात काय होते, आम्हाला सांगता येणार नाही. त्या अर्ध्या तासात त्यांच्या मनात काय चालले होते तेही नाही. दोर मात्र चांगला होता. अजून तोच वापरतो.

सावित्रीच्या खाडीत

पुढच्या दिवशी बाणकोट. सावित्री नदी येथे समुद्राला मिळते. उत्तरेला हरिहरेश्वरचा डोंगर, दक्षिणेला बाणकोटचा किल्ला. याच तोंडातून पद्मावती आत शिरली. वेसवी आणि बागमांडले यांच्यामध्ये फेरीबोट ये-जा करीत होती. तिच्यावरच्या एका लहान मुलीने आम्हाला हात केला. आम्हीही केला.

भरतीचे पाणी आत लोटत होते. इंजिन मंद ठेवले तरी होडी आपोआप पुढे जात होती. दोन्ही काठांना तिवरे, मागे डोंगर, मध्ये खाजणातली शेती. दुपारी म्हाप्रळला पोचलो. येथून आत मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचे मूळ गाव. म्हाप्रळच्या एका नातलगांकडे रात्री मुक्काम केला. घरात सोळा माणसे जमली. होडी बघायला पोरे बॅटऱ्या घेऊन धक्क्यावर गेली. एक आजी आल्या, त्यांनी होडीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. आम्ही म्हटले, "आजी, होडीच्या पाया पडायचं नसतं." त्या म्हणाल्या, "पाया नाय पडले. आपली हाय म्हनून लावला हात."

२५ तारखेला सकाळी साडेआठला निघालो. आंबेतच्या पुलाखालून पुढे गेलो की खाडी वळणे घेते. जागोजागी वाळू उपसल्यामुळे कोठे पाणी खोल, कोठे एकाएकी उथळ. पुढे महाडकडच्या पाण्यात मगरी आहेत, हे कारकुनाला म्हाप्रळच्या पोरांनी मुद्दाम ऐकवले होते, त्यामुळे त्याने हात पाण्याबाहेर ठेवले. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती, म्हणजे उधाणाची भरती. निघालो तेव्हा भांग होता आणि आता उधाण, असा सहा दिवसांत चंद्र आमच्याबरोबर वाढत आला. १९२७ च्या त्या दिवसांत अमावास्या होती, म्हणजे तेव्हाही उधाणच. दुपारच्या भरतीच्या पाण्यावरच पद्मावती दासगावला लागली असणार. अप्पांना हे सांगितले असते तर ते म्हणाले असते, "मग? पाणी बघूनच आणली असेल बोट. तांडेल कच्चा नव्हता."

दुपारी बाराच्या सुमारास दासगाव आले. काही भव्य नाही. थोडा काठ, थोडा चिखल, बांधलेल्या चार होड्या. मागे तो डोंगर. २००५ च्या जुलैमध्ये त्याची दरड कोसळून येथे अनेक माणसे गेली. महाड सत्याग्रहाची तयारी करणारे कॉ. रा. बा. मोरे यांचे वास्तव्य या गावात होते. होडी काठाला लागली तेव्हा तांडेलीणबाईंनी इंजिन बंद केले आणि काही वेळ बसूनच राहिल्या. मग पिशवीतून अप्पांची जुनी, मिठाने कडक झालेली टोपी काढली आणि नाळेवर ठेवली. आम्ही दोघांनी हात जोडले. कोणी पाहत नव्हते.

तेथून महाडपर्यंत पायी गेलो. गाड्या खूप होत्या, पण चालायचेच ठरले होते. महाडच्या अलीकडे महामार्गाला लागून गांधारपाल्याची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी वर्षावासासाठी वापरलेल्या या गुंफांखालून १९२७ ची मंडळी चालत गेली असतील. त्यांतल्या कितींना वर काय आहे हे माहीत असेल? आज आपल्याला माहीत आहे. आम्ही वर चढलो, थोडा वेळ बसलो आणि सावित्रीकडे पाहिले. संध्याकाळी चवदार तळ्यावर पोचलो तेव्हा मनुस्मृती दहन दिनानिमित्त आलेली माणसे गटागटाने बसली होती. आमचे पाय दुखत होते आणि अंगाला खाऱ्या पाण्याचा वास येत होता.

मग, कशाला?

आता त्या प्रश्नाकडे येतो. पेट्रोलला जाऊन-येऊन नऊ हजार रुपये गेले. इतर खर्च दोन हजार. आमच्यासारख्यांना हा पैसा लहान नाही. त्यातून हाती काही आले नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९४५ मध्ये कारखाना कायद्यात पगारी रजेची तरतूद आली आणि १९४६ मध्ये कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणले गेले. तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. हे आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. पण ती रजा, ते उरलेले तास कशासाठी मिळवून दिले याचा विचार करीत नाही. माणूस म्हणजे नुसते राबणारे हात नव्हेत. त्याला स्वतःच्या बायकोशेजारी बसायला, पाणी चमकताना बघायला, बापाची इच्छा पुरी करायला वेळ हवा. ज्यांच्या आजोबांना तरीवर शेवटची पाळी होती, त्यांच्या नातवंडांनी आपल्या मनाच्या वेळेला निघावे आणि आपल्या मनाच्या वेळेला थांबावे, यात चैन नाही. तो हक्क आहे, आणि आपण वापरला नाही तर तो कागदावरच राहतो.

होडी सर्वांकडे नसते. पण दाभोळ-धोपावे आणि वेसवी-बागमांडले या फेरीबोटी आहेत. थोड्या पैशात खाडी ओलांडता येते. एखाद्या रविवारी घरच्या माणसाला घेऊन जा. काम काढून जाऊ नका. पलीकडे जा, चहा प्या आणि पुढच्या फेरीने परत या.

टोमणा मारणारे मित्र परवा घरी आले होते. दाखल्यांची कामे आम्ही रजेवरून आल्यावर आठ दिवसांत पुरी केली, तेव्हा त्यांची तक्रार मिटली आहे. जाताना दारात घुटमळले आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला आमच्या मंडळींना न्याल का? तिने समुद्र आतून पाहिलेला नाही." तांडेलीणबाई म्हणाल्या, "तुम्ही पण या भावोजी. वल्ही ओढायला माणूस लागतोच."

जय भीम.